नव्या गाण्याची जागा

‘आता आमच्या नव्या अल्बममधलं एक गाणं ऐकवतो,’ हे वाक्य गायकाने उच्चारलं की समोरचे चौथा हिस्सा लोक उठतात. सत्तावीस वर्षं मी आवाजाच्या मिक्सरमागे उभा राहून हे बघत आलो आहे. उठणाऱ्यांत गायकाचे सख्खे मेहुणेही असतात. त्यांचा गायकावर राग असतो असं नाही. कुणाला भूक लागलेली असते, कुणाला लघवी, कुणाला घरी फोन करायचा असतो. सगळे बिचारे सवडीची वाट बघत असतात, आणि ती सवड गायक स्वतःच्या तोंडाने जाहीर करतो.

हा लेख मागताना संपादकांनी फोनवर विचारलं, रॉक बँडमध्ये तुम्ही नक्की काय करता? प्रश्न रास्त होता. आमच्या हिलाही तो अधूनमधून पडतो. मी गात नाही, काही वाजवत नाही. मी आवाज सांभाळतो आणि यादी लिहितो. कार्यक्रमात कोणतं गाणं कितवं, याची यादी. ती मी जाड मार्करने पुठ्ठ्यावर लिहितो आणि स्टेजवर प्रत्येकाच्या पायाशी चिकटवतो. पूर्वी एका पुठ्ठ्यावर अठरा गाणी मावायची. आता सगळ्यांना चाळिशी लागल्यामुळे नऊच मावतात आणि दुसरा पुठ्ठा लागतो.

बँडचं नाव सेकंड शिफ्ट. सातपूरच्या एका कारखान्यात आम्ही सगळे दुसऱ्या पाळीला होतो. दिलीप लेथवर, फिलिप टूलरूमला, मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला. दुसऱ्या पाळीच्या माणसाला सकाळ मोकळी असते, म्हणून आमचा सराव सकाळी नऊला चालायचा. रॉक संगीत सकाळी नऊला वाजवता येत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी फिलिपच्या शेजाऱ्यांना विचारावं. दिलीप गायचा, फिलिप गिटार वाजवायचा. ड्रमर आणि बेसवाले बदलत गेले, आम्ही तिघे राहिलो.

आमचं एक गाणं गाजलं. एकच. ‘सुट्टी नाही’. त्यात विशेष अर्थ नाही. सोमवारी सुट्टी नाही, मंगळवारी सुट्टी नाही, असं करत रविवारपर्यंत जायचं आणि शेवटी तो ‘नाहीऽऽ’ वर नेऊन ताणून धरायचा. दिलीप तो इतका वेळ धरायचा की लोक घड्याळ बघायचे. गाणं कॅसेटवर आलं, मग कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये, मग बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या वार्षिक समारंभात. ज्यांना शनिवार-रविवार दोन दिवस सुट्टी असते ते लोक हे गाणं जास्त जीव तोडून म्हणतात, असं माझं निरीक्षण आहे.

गाजलेलं गाणं असलेल्या बँडला नवं गाणं का करावंसं वाटतं, हे मला बरीच वर्षं कळलं नाही. सासूला जशी सून तसं आमच्या बँडला नवं गाणं, ते आलं की मला जागा करून द्यावी लागते. त्यासाठी मी काही नियम बसवले होते. ते इथे सांगून टाकतो, कुणाच्या उपयोगी पडले तर पडले.

पहिलं गाणं जुनं, पण सगळ्यात गाजलेलं नाही. दुसरंही जुनं. तिसरं नवं चालतं, पण जाहीर करायचं नाही. दुसरं संपतानाच ड्रमवाल्याने थांबू नये, त्याच ठेक्यावरून नव्यात शिरावं. माणूस उठायचं ठरवेपर्यंत अर्धं गाणं होऊन जातं आणि मग त्याला संकोच वाटतो. दोन नवी गाणी लागोपाठ कधीही घ्यायची नाहीत. सातव्या नंबरला एक नवं, संथ गाणं. तिथे लोक उठणारच असतात, तेव्हा त्यांना अडवण्यात अर्थ नसतो. आमच्यात त्या जागेला ‘मुतारीचा नंबर’ म्हणतात. शेवटची चार जुनी, मध्ये एक शब्द न बोलता, आणि अगदी शेवटी ‘सुट्टी नाही’. ते येईपर्यंत कुणी घरी जात नाही. उधारीवर दुकान चालवण्यासारखं आहे हे, पण चालतं.

नियम मोडला की काय होतं, हे मी सटाण्यात पाहिलं. एका कांदा व्यापाऱ्याच्या नव्या गोदामाचं उद्घाटन होतं. दिलीपने हट्ट करून दुसऱ्या नंबरला नवं गाणं घेतलं आणि वर ते समजावूनही सांगितलं. व्यापारी गळ्यातल्या हारासकट स्टेजवर चढले. दिलीपच्या खांद्यावर हात ठेवून, माइक चालू असतानाच त्यांनी विचारलं, “भाऊ, हाई काय शे? आमले ते सुट्टीनं गानं पाहिजे.” आम्ही ते गाणं चार वेळा वाजवलं. चौथ्या वेळी गोदामातले हमाल नाचले. दुसऱ्या दिवशी लिलाव असल्यामुळे त्यांना खरोखरच सुट्टी नव्हती.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगतो.

दिलीप पन्नाशीच्या पुढे गेला तेव्हा एका इंजिनिअरिंग कॉलेजात त्याचा ‘नाहीऽऽ’ फाटला. पोरं हसली नाहीत, त्यांनी टाळ्या वाजवल्या. ते जास्त वाईट होतं. पुढच्या कार्यक्रमाआधी फिलिपने मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, “नाना, मी तारा अर्धा सूर उतरवल्यात. त्याला सांगू नको.”

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. गायक ज्या सुरावरून गाणं उचलतो, त्याला आपल्याकडे पट्टी म्हणतात. आमच्या बँडमध्ये पेटी नाही, की-बोर्ड नाही. सूर म्हणजे फिलिपची गिटार, आणि बेसवाला फिलिपकडे बघून लावतो. गिटारच्या तारा थोड्या सैल केल्या की सगळं गाणं खाली उतरतं आणि वरचा ‘नाही’ पायरीभर जवळ येतो. दिलीप कुठलंच वाद्य वाजवत नाही. स्वतःचं रेकॉर्डिंग तो ऐकत नाही, त्याला म्हणे कसंतरी होतं. त्याला कळायला वाव नव्हता.

त्या दिवशी ‘नाही’ छान लागला. दिलीप स्टेजवरून उतरला तो थेट माझ्याकडे आला. “आवाज लागला रे आज! सुनीताने काढा दिला होता. ज्येष्ठमध.” मी म्हणालो, “दिसतंच आहे.” सुनीता वहिनी तेव्हापासून दर कार्यक्रमाआधी काढा करू लागल्या. दोन वर्षांनी आवाज पुन्हा अडला. फिलिपने आणखी अर्धा सूर उतरवला आणि श्रेय दही सोडण्याला गेलं. नंतर तिसऱ्यांदा उतरवला तेव्हा दिलीप प्राणायाम करत होता. पांढरी तीन या पट्टीतलं गाणं सहा वर्षांत तीन अर्धे सूर उतरून काळी एकवर आलं. शिवाय मी माझ्या बाजूने त्याच्या आवाजावर इको चढवत गेलो. इको म्हणजे भज्याचं पीठ. आत कांदा किती आहे ते खाणाऱ्याला कळत नाही.

आम्ही हे मैत्रीपोटी केलं. असं मी म्हणतो. पण त्यात थोडा आळसही होता आणि थोडी भीती. त्याला खरं सांगायला जे धाडस लागतं, ते दोघांतल्या एकानेही केलं नाही. तारा सैल करणं सोपं होतं.

याच काळात दिलीपने नवी गाणी करायचा सपाटा लावला. कारखान्यातून तो मुदतीआधी निवृत्त झाला होता. सकाळी फिलिपच्या दारातल्या बाकावर बसून गुणगुणायचा, आणि तो जिथे गुणगुणेल तिथे फिलिप कॉर्ड शोधायचा. नऊ गाणी झाली. अल्बमचं नाव ‘उतार’. पाळी सुटल्यावर सातपूरहून शहराकडे सायकलने येताना त्र्यंबक रोडला उतार लागतो. दमलेला माणूस तिथे पायडल मारत नाही, नुसता बसून राहतो आणि सायकल आपली आपण चालते. त्याच्यावर, त्याच नावाचं शेवटचं गाणं होतं. मी एकदा ऐकलं आणि मनात म्हणालो, संथ आहे, सातवा नंबर.

रेकॉर्डिंगला आम्ही गंगापूर रोडच्या एका छोट्या स्टुडिओत गेलो. तिथली रेकॉर्डिस्ट तन्वी, तिशीची, कामाला चोख. नऊ गाणी तीन दिवसांत झाली. मग ती म्हणाली, जोडीला ‘सुट्टी नाही’ नव्याने करू या, लोक त्यासाठी तरी अल्बम उघडतील. मला वाटलं, पोरगी यादी लिहायला शिकेल.

तिने की-बोर्ड उघडला. “मूळ कॅसेटवर पांढरी तीन आहे. त्यातच ना सर?”

“दुसरं कशात?” दिलीप म्हणाला. “नेहमी त्यातच गातो.”

फिलिप एकाएकी वायर गुंडाळायला लागला. तन्वीने सूर दिला. गाण्यातल्या शुक्रवारपर्यंत बरं गेलं. ‘नाही’ला आवाज फाटला. पुन्हा घेतलं, पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा त्याने मधेच सोडलं आणि म्हणाला, “आज घसा बरा नाही.”

तन्वीचा हेतू चांगला होता. “सर, कार्यक्रमात गाता तसं काळी एकला घेऊ ना. मी मोबाइलवरचे व्हिडिओ पाहिलेत तुमचे. वय वाढलं की सगळेच खाली उतरतात, त्यात काय.”

दिलीपने फिलिपकडे बघितलं. फिलिपने माझ्याकडे. मी एसीकडे.

“किती वर्षं?” दिलीपने विचारलं.

“सहा,” मी म्हणालो.

“म्हणजे काढ्याचा काही संबंध नव्हता.”

“काढा वाईट नसतो,” फिलिप म्हणाला. फिलिप आयुष्यात बरीच चुकीची वाक्यं बोलला आहे, पण हे वरच्या नंबरात यावं.

दिलीपने पिशवी उचलली आणि रिक्षा करून गेला. आठ दिवस त्याने फोन घेतला नाही. सुनीता वहिनींचा मात्र आला. “भाऊजी, काढा बंद केलाय मी. पिणाराच माझ्यावर रागावलाय. मला खरंच माहीत नव्हतं हो.” वहिनींना गुन्हा नसताना शिक्षा झाली, हे मला सगळ्यात लागलं.

नवव्या दिवशी तो सिडकोतल्या माझ्या घरी आला. चहा घेतला नाही. “दिंडोरीचा कार्यक्रम आहे ना, त्याची यादी मी लिहिणार,” म्हणाला.

सत्तावीस वर्षांत यादीला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. मला राग आला, आणि तो दाखवण्याचा अधिकार नाही हेही कळलं. “लिही,” मी म्हणालो. “काय घेणार?”

“‘सुट्टी नाही’ पहिलं. मग नऊ नवी, ओळीने. संपलं.”

“पहिलं? दिलीप, लोक पाच मिनिटांत मोकळे होतील. नऊ नवी गाणी लागोपाठ कोण बसणार ऐकायला?”

“नाही बसले तर नाही. कळेल तरी.” तो उठला, दारापर्यंत गेला आणि परत वळला. “नाना, सहा वर्षांत मला टाळ्या पडल्या, त्यांतल्या माझ्या कुठल्या आणि तुमच्या कुठल्या, हे मला आता कळत नाही. या नऊ गाण्यांत तुम्ही कुणी हात घातलेला नाही. ती माझ्या आहे त्या आवाजातली आहेत. आणि तीच तू लोक मुतायला जातात तिथे लिहितोस.”

म्हातारे गायक नवी गाणी का रेटतात, हा माझा जुना प्रश्न होता. मी त्याला हौस समजत होतो, कधी अहंकार. जुनं गाणं तरुण दिलीपच्या गळ्याच्या मापाने शिवलेलं होतं आणि या दिलीपला ते होत नव्हतं, एवढी साधी गोष्ट आवाजाच्या धंद्यात आयुष्य घालवून मला दिसली नाही. मला लाज वाटली.

दिंडोरीला कार्यक्रम एका वायनरीच्या हिरवळीवर होता, दुपारी चारला. द्राक्षांची काढणी संपत आली होती, एका बाजूला क्रेट रचलेले होते आणि पाहुण्यांना ट्रॅक्टरमध्ये बसवून बागेतून फिरवून आणत होते. साताठशे लोक चटयांवर. निम्मे पुण्या-मुंबईचे, बाकी नाशिकचे, आणि आसपासचे काही बागायतदार सहकुटुंब. कार्यक्रम केतकी नावाची मुलगी सांभाळत होती. यादीचा पुठ्ठा बघून ती म्हणाली, “काका, हे उलटं चिकटवलंय का?”

दिलीप माइकसमोर आला. सहसा तो नमस्कार करून सुरुवात करतो. त्या दिवशी म्हणाला, “आमचं एक गाणं तुम्हाला माहीत आहे. ते मला आता मूळ पट्टीत झेपत नाही. या माझ्या मित्रांनी सहा वर्षं ते मला न सांगता खाली उतरवलं, आणि मी समजत होतो की काढ्याने गुण येतोय. आज सांगून खाली गातो.” लोक खळखळून हसले. फिलिप हसला नाही. गाणं जोरात झालं, ‘नाही’ सगळ्या हिरवळीने मिळून ओढला.

मग नवी गाणी सुरू झाली आणि मी सांगितलं होतं ते घडू लागलं. पहिल्या नव्या गाण्याला थोडे उठले. दुसऱ्याला चटया दिसू लागल्या. चौथ्यापर्यंत वाइनच्या काउंटरवर रांग आणि पार्किंगकडे ओळ. मला बरोबर ठरल्याचं समाधान व्हायला हवं होतं. ते झालं नाही. दिलीप डोळे मिटून गात होता, पण गाणं संपलं की उघडत होता, आणि दर वेळी समोर आधीपेक्षा जास्त चटई असायची.

केतकी धावत आली. “काका, प्लीज काहीतरी करा. ते सुट्टीचं परत घ्यायला सांगा ना. दिलीप सर नाराज होतील, पण लोक तरी थांबतील.”

माझ्याकडे एक छोटा माइक असतो. त्यात बोललेलं फक्त स्टेजवरच्यांना ऐकू येतं. एक वाक्य बोललो असतो तर फिलिपने ते गाणं सुरू केलं असतं आणि उरलेल्या लोकांसमोर दिलीपला ते गावंच लागलं असतं. माइक माझ्या हातात होता. कार्यक्रम वाचवण्याची मला सवय आहे. पण त्या सवयीनेच आम्ही इथवर आलो होतो. “यादी त्याची आहे,” मी केतकीला म्हणालो आणि माइक खाली ठेवला.

ठेवताना नजर मिक्सरवर गेली. दिलीपच्या आवाजावरचा इको पुरेपूर चढलेला होता. मी लावला असं मला आठवतही नव्हतं, हाताने आपोआप लावला होता. नऊ गाणी आहे त्या आवाजातली, असं तो म्हणाला होता, आणि तो आवाज मी कुणाला ऐकूच देत नव्हतो. सहाव्या गाण्यापासून मी इको काढायला लागलो. एकदम काढला तर कानाला खटकतं, म्हणून हळूहळू. गिटार खाली घेतली, आवाज पुढे आणला. घोगरा होता. श्वास ऐकू येत होता. एका शब्दाला आवाज किंचित थरथरला, आणि तो शब्द त्यामुळे कळला.

‘उतार’ सुरू झालं तेव्हा दीडेकशे लोक उरले होते. पूर्ण गाण्यात एकही उठला नाही. मी बघत होतो, दुसरं काही बघितलंच नाही. काउंटरच्या रांगेतले काही जण पाठ फिरवून उभे होते, ते वळले. सगळे नाही. टाळ्या पडल्या त्या ‘सुट्टी नाही’च्या पाव भागही नव्हत्या, हे प्रामाणिकपणे लिहितो.

पुढच्या चटईवरचे एक बागायतदार आजोबा माझ्याकडे आले. “ते सायकलीचं लय भारी व्हतं. आमी बी लय सायकल हाणली.” मी आभार मानले. “पन सुट्टीचं पयलंच का घेतलं? आमचा जावई गाडी लावेस्तोवर संपलं बी. ह्ये काय बरोबर नाय.” मी म्हणालो, बरोबर नाही.

ते गेल्यावर दिलीप आला. टॉवेलने मान पुसत तो मिक्सरच्या मागच्या बाजूला, वायरींच्या पेटीवर बसला आणि मीही शेजारी टेकलो. हिरवळीवर बायका चटया गोळा करत होत्या. त्याने विचारलं, “आज काय केलं होतंस?”

त्याने विचारणं बरोबर होतं. तरी मला ते लागलं.

“इको काढला,” मी म्हणालो. “सहाव्यापासून हळूहळू. शेवटच्या गाण्याला काहीच नव्हतं. नुसता तू होतास.”

“गिटार?”

“फिलिपला विचार. पण नव्या गाण्यांना त्याने काही केलेलं नाही.”

दिलीपचे डोळे भरले होते आणि माझेही. दोन निवृत्त कामगार वायरींच्या पेटीवर बसून रडताहेत हे केतकीला बरं दिसणार नाही, म्हणून मी उठून वायरी काढायला लागलो.

“पुढचा कार्यक्रम विंचूरला आहे ना?” त्याने मागून विचारलं.

“हो.”

“यादी तू लिही. मला नाही जमत ते.” मी मान हलवली. तो उठला, चार पावलं गेला आणि थांबला. “आणि लिहिलीस की चिकटवायच्या आधी मला दाखव.”